साडूची जीप आणि माझी न्यूझीलंडची बोट

घ्या, चहा घ्या आधी. बशीत ओतून घ्या हवा तर, पण मी बोलायला लागलो की घोट तोंडात ठेवू नका. मागं एकाच्या नाकातनं आलता. माझी फजिती ऐकताना लोकांचं असं होतंय, त्याला माझा इलाज न्हाय.

आणि सुरू करायच्या आधीच एक कबूल करून टाकतो. मी जळतो. माझ्या साडूवर जळतो. आजकालचं न्हाय हे, लग्नाच्या मांडवापासनं जळतोय.

विलासराव. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. माणूस म्हणाल तर लाख माणूस. नावं ठेवायला एक जागा ठेवली न्हाय बेण्यानं, हेच तर माझं दुखणं! दारू न्हाय, तंबाखू न्हाय, सासूला दर महिन्याला दवाखान्यात न्हेतोय. आणि वर त्याच्याकडं जुनी जीप हाय. त्याच्या वडलांच्या काळातली, आरशागत चकचकीत. कुणाचं लग्न असू दे, बारसं असू दे, नवरदेव एकीकडं आणि सगळं वऱ्हाड जीपभोवती.

गेल्या वर्षी रंकाळा तलावावर जुन्या गाड्यांचा मेळावा झाला. त्यात त्या जीपला मान मिळाला आणि विलासरावच्या डोक्यावर मानाचा फेटा. पेपरात फोटो. तोबी रंगीत! आमच्या सुमननं, म्हणजे माझ्या सख्ख्या बायकोनं, तो कापला आणि फ्रिजवर चिकटवला. माझ्या फ्रिजवर! रोज सकाळी दूध काढायला गेलं की विलासराव फेटा घालून हसतोय. मला सांगा, चहा गोड लागंल व्हय?

"काढ की गं तो आता," म्हटलं एकदा.

"ऱ्हाऊ द्या की. दाजी किती झ्याक दिसत्यात!" ती म्हणाली. "तुमचा आला की तुमचाबी लावीन."

झालं. त्या दिवशी मी मनात ठरवलं. पुढच्या मेळाव्याला मानाचा फेटा माझ्या डोक्यावर, आणि फ्रिजवर मी.

पण जुनी गाडी आणायची कुठनं? माझ्याकडं जुनं म्हणाल तर एक स्कूटर, आणि ती जुनी न्हाय, नुसती बिघडल्याली हाय.

आता देवाची करणी बघा. पौर्णिमेला नृसिंहवाडीला दर्शनाला गेलतो. येताना अण्णाप्पाच्या मळ्यात थांबलो. माझं शेतीपंपाचं दुकान हाय, अण्णाप्पा जुनं गिऱ्हाईक, त्याची मोटर जळाल्याली. गोठ्यात शिरलो तर कोपऱ्यात कडब्याखाली काहीतरी लांबडं, आणि त्यावर दोन कोंबड्या बसल्याल्या.

"काय हो हे?"

"बोट हाय की मालक," अण्णाप्पा म्हणाला. "आमच्या मुत्त्यानं घेटल्याली." तिकडं कर्नाटकच्या सीमेकडं आज्याला मुत्त्या म्हणत्यात.

कोंबड्या हाकलल्या, कडबा सारला, बघतो तर काय! टोकदार तोंडाची, तांबडा रंग उडाल्याली, जुनी बोट. मागं बघिटलं तर पाणी कापायचा पंखाच न्हाय.

"पंखा कुठाय हिचा?"

"हिला नसतोय पंखा. खालनं पाणी वढायचं आणि मागनं भसकन फेकायचं, की पळाली. जेटची बोट म्हणायचा मुत्त्या."

"बनवली कुणी?"

"ते दत्त महाराजांना ठावं."

मी मागं वाकून बघिटलं. पाणी जिथनं बाहेर पडतं त्या बिडाच्या तोंडावर एक गोल छाप उठल्याला. गोलात एक उभा दांडा, आणि दांड्याच्या डोक्यावर गोळा. नाव न्हाय, गाव न्हाय. मी बोटानं त्यावरची धूळ पुसली. म्हटलं, हा राजदंड! ही कुठल्यातरी परदेशी राजघराण्याची कंपनी!

हसू नका. ऐका तरी. मी कोल्हापूरचा माणूस. गल्लोगल्ली तालीम, तालमीच्या दारावर गदा. जन्मापासनं गदा बघत आलोय. पण डोळ्यात साडू जाऊन बसला की समोरची गदासुद्धा दिसत न्हाय, हे मला तवा ठावं नव्हतं.

बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घरला आणली. मोबाईलवर बघिटलं तर लिहिल्यालं की असल्या बोटी पहिल्यांदा न्यूझीलंडला निघाल्या, तिकडच्या उथळ नद्यांसाठी. बसलं माझं गणित! छापाचा फोटो काढला आणि तिकडं जुन्या बोटी जमवणाऱ्या एका मंडळाला पाठवून दिला. इंग्रजी मोबाईलनंच करून दिलं.

आठ दिवसांनी उत्तर! कुणी म्हातारा गृहस्थ होता. त्यानं लिहिल्यालं, "हा छाप मी आयुष्यात कधी पाहिलेला नाही. बनवणाऱ्यानं फार थोड्या बोटी काढल्या असाव्यात. वारस सापडले तर आम्हालाही जरूर कळवा."

शहाण्या माणसानं काय समजावं? की हे न्यूझीलंडचं न्हवं. मी काय समजलो? की न्यूझीलंडलाबी मिळत न्हाय इतकी दुर्मिळ! ते पत्र छापून काढलं, प्लास्टिकात घातलं आणि दुकानात गल्ल्याच्या वर लावलं.

मग काय, चहाच्या गाडीवर माझाच आवाज. सोमवारी कंपनी छोटी होती. बुधवारी तिचे तीन कारखाने झाले. शनिवारपर्यंत तिकडची राणी त्याच बोटीतनं माहेरला जायाला लागली. मला थांबवायला कोण न्हाय, आणि मीबी कुणाचं ऐकलं नसतं.

मेळाव्याच्या सेक्रेटरीकडं गेलो. तो म्हणाला, "बोट चालंल की. पण नियम हाय बघा. गाडी कुणी बनवली, त्याचा इतिहास मालकानं माईकवर सांगायचा. पक्का इतिहास असंल तरच मान."

"इतिहास?" मी म्हटलं. "अवो, वारसच हुडकून काढतो! जगाच्या पाठीवर कुठंबी असू दे, त्याला कोल्हापुरात आणून, ह्या हातानं, माझ्या स्वतःच्या हातानं फेटा बांधीन!"

एवढ्यावर थांबलो असतो तर माणूस म्हणवलो असतो. मी फ्लेक्स लावला. चौकात, सिग्नलजवळ. मधी तो छाप परातीएवढा, एका बाजूला माझा हात जोडल्याला फोटो, आणि खाली 'या महान कंपनीचा वारस कळवा, मानाचा फेटा मिळवा'. जाता येता विलासरावला दिसावा म्हणून मुद्दाम त्याच्या रस्त्यावर लावला, खोटं कशाला बोलू?

मेळाव्याच्या दिवशी सकाळी सुमन मिरचीचा ठेचा कुटत बसल्याली. एकदम कुटायची थांबली.

"अवो, ते तुमच्या फ्लेक्सवरचं चित्र हाय न्हवं..."

"राजदंड म्हण."

"तेच ते. मी ते बघिटल्यालं हाय."

"कुठं? तू कवा गेलतीस न्यूझीलंडला?"

"अवो, ऐका तर खरं..."

"सुमन, आज माझ्या डोक्याला ताप देऊ नगंस. आज इतिहास घडणार हाय."

ती परत ठेचा कुटाय लागली. आमची सुमन वाद सोडून कामाला लागली की समजायचं, काहीतरी शिजतंय. पण मी आरशापुढं फेटा बांधून घेत होतो. व्हय, आधीच बांधून घेतला! मिळणारच हाय, मग उगंच वेळ कशाला? निघताना तिच्या हातात एक जड पिशवी होती. म्हटलं, जेवणाचा डबा असंल.

रंकाळ्यावर ही गर्दी. माझी बोट ट्रॉलीवर, नवा तांबडा रंग मारल्याली, झेंडूच्या माळा घातल्याल्या. जीपकडं एक माणूस बघंल तर शपथ! विलासराव स्वतः आला, बोटीवरनं हात फिरवला आणि म्हणाला, "पावणं, लई भारी! नाद केला राव तुम्ही." मनापासनं म्हणाला हो. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! तीस वर्षांचा जाळ पोटातनं एकदम थंड झाला.

जेमतेम दहा मिनिटं.

माईक हातात आला. मी न्यूझीलंडपासनं सुरुवात केली. उथळ नद्या सांगितल्या, राजघराणं सांगितलं, म्हाताऱ्याचं पत्र फडकावलं. टाळ्या पडाय लागल्या. तेवढ्यात एक पांढऱ्या दाढीचे चाचा ट्रॉलीपाशी आले, वाकून वाकून तो छाप बघाय लागले.

"चाचा, हात लावू नका," मी माईकवरनंच म्हटलं. "परदेशी माल हाय."

"परदेशी?" चाचा म्हणाले. "पावणं, ही गदा मी कोरल्याली हाय. सागवानात. ह्या हातानं."

माईक चालूच होता. सगळ्यांनी ऐकलं.

हमीदचाचा उद्यमनगरात, आमच्या कारखान्यांच्या वस्तीत, बिडाच्या ओतकामाचे लाकडी साचे बनवायचे. सगळी हयात त्यात गेल्याली. सेक्रेटरीनं त्यांना वर घेतलं, माझ्या हातातला माईक काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"आमच्या मालकाची एकच शेड होती," चाचा सांगाय लागले. "वाडीकडचा एक हौशी बागायतदार आला, एक फोटो घेऊन. म्हणाला, असली बोट मिळती काय? मालकानं फोटो बघिटला आणि म्हणाले, हमीद, ह्यात काय इशेष हाय? ह्यो पंपच की! पंप आडवा टाकायचा, मागनं तोंड काढायचं. दोन महिन्यांत केली आम्ही. पंचगंगेत सोडली, तर अशी सुटली, अशी सुटली, थांबायचं कसं ते कुणालाच ठावं न्हाय! तेल संपलं तवा थांबली. म्हशी लावून वढून आणली."

लोक पोट धरून हसाय लागले. 

"म्हणजे... किती बनवल्या?" मी विचारलं.

"एकच. परत नाव काढलं न्हाय मालकानं."

म्हणजे बघा, माझी महान कंपनी म्हणजे एक शेड, दोन माणसं, एक बोट. तरी मी हटलो न्हाय. म्हटलं, "चाचा, पुरावा काय? गदा काय, कुणीबी कोरंल!"

चाचांनी माझ्याकडं वरपासनं खालपर्यंत बघिटलं. "पावणं, तुमचा धंदा काय?"

मी डोक्यावरचा फेटा सारखा कराय लागलो.

"अवो सांगा की!" गर्दीतनं कुणीतरी वरडलं. "पंपाचं दुकान हाय त्येंचं! बावीस वर्षं!"

त्यानंतर जो हशा झाला तो मला अजून अंघोळ करताना ऐकू येतो. आणि त्या हशात आमची सुमन पुढं आली. पिशवीतनं तिनं खलबत्ता काढला. तोच, रोजचा, बिडाचा. टेबलावर पालथा घातला. बुडाला गोल, गोलात गदा. कडंला अजून ठेच्याची हिरवी मिरची चिकटल्याली.

"सकाळपासनं सांगतेय ह्येंना," ती म्हणाली. "लग्नात आबांनी दिल्याला."

आबा! आता आबा कोण ते सांगतो, आणि कप खाली ठेवा. आबा म्हणजे विलासरावचे वडील, आणि चाचांचे मालक ते हेच. तरुणपणी पैलवान, म्हणून छाप गदेचा. माझ्या लग्नात लोकांनी मिक्सर दिले, घड्याळं दिली, आणि साडूच्या बापानं बिडाचा खलबत्ता! मी तवाच सुमनला म्हटल्यालं, "बघ, तुझ्या बहिणीच्या सासऱ्याची दानत!" तीस वर्षं त्या खलबत्त्यातला ठेचा खातोय. एकदा पालथा घालून बघिटलं न्हाय. आणि तोच छाप न्यूझीलंडला पाठवून विचारतोय, ओळखता का म्हणून!

विलासरावनं खलबत्ता उचलून बुडाचा छाप बघिटला. "आबा बोटीबद्दल कधी बोललेच न्हाईत," एवढंच म्हणाला. शेड चालू होती तवा तो बाहेरगावी शिकायला होता, छाप त्यानं कधी बघिटलाच नव्हता. मग ट्रॉलीवर चढला, त्या गदेवर हात ठेवला, आणि त्याचे डोळे भरून आले. खाली उतरून मला मिठी मारली. "पावणं, माझ्या आबांना तुम्ही परत आणलं!"

 बायका डोळं पुसाय लागल्या. आणि मी? मला गहिवरून यायला पाहिजे होतं न्हवं? खरं सांगू? मला त्याच्या रडण्याचाबी हेवा वाटला. बोट माझी, रंग मी मारला, झेंडू मी आणला, आणि रडून भाव खाऊन गेला हा!

तेवढ्यात सेक्रेटरी माईकवर, "आता पावण्यांनी शब्द दिल्याप्रमाणं, वारसाला त्यांच्या स्वतःच्या हातानं फेटा!"

फेटा आणायला माणूस पळाला. पेटी उघडली तर मेळाव्याचा फेटा पेटीत न्हाय, कुणी घरीच विसरल्याला. सगळ्यांच्या नजरा हळूहळू वर सरकल्या. माझ्या डोक्यावर.

काय करता? काढला. आरशापुढं तासभर बांधून घेतल्याला फेटा, आख्ख्या रंकाळ्यादेखत फिरत फिरत सोडला आणि विलासरावच्या डोक्यावर बांधला. मला बांधायला तरी कुठं येतोय? दोनदा त्याच्या डोळ्यावर आला. "सावकाश, पावणं, सावकाश," तोच मला धीर देतोय!

बोट आता त्याच्या अंगणात हाय, जीपच्या शेजारी. मीच देऊन टाकली. बापाची एकुलती एक बोट, मी दारात ठेवून करू काय? आता लग्नाकार्यात लोक जीप बघत्यात, मग बोट बघत्यात, आणि मग तो सगळ्यांना सांगतो, "ही आमच्या साडूंनी हुडकून दिली बरं का!" असा चांगला वागतोय, मुडदा.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. रंगीत, पहिल्या पानावर. मधी विलासराव, मागं बोट, बाजूला हमीदचाचा, पुढं खलबत्ता. खलबत्तासुद्धा सबंध आलाय! आणि फेट्याच्या वर, चौकटीच्या कडंला, टोक खोचणारा एक हात. मनगटापर्यंत.

सकाळी दूध काढायला गेलो, तर फ्रिजवर आता दोन विलासराव. आणि दुसऱ्या फोटोत त्या हाताभोवती सुमननं तांबड्या पेननं गोल काढल्याला.

"बघा," ती म्हणाली, "म्हटलं होतं न्हवं, तुमचा आला की तुमचाबी लावीन?"