लाल दिव्याची सोडत

माझ्या थोरल्या जाऊबाई घड्याळांच्या कारखान्यात काटे बसवतात. मीही तिथेच, शेजारच्या टेबलावर. त्यांचा हात स्थिर, जीभ तिखट. आमचं फारसं पटत नाही, पण त्यांनी कधी कुणाची टाचणीही उचलली नाही, हे मी शपथेवर सांगेन.

सुटे भाग चोरीला जाऊ लागले म्हणून फाटकावर यंत्र बसवलं. पाळी सुटली की आम्ही टेबलांच्या क्रमाने रांग लावायची, रखवालदाराने यंत्र चालू करायचं, आणि यंत्राने मनातल्या मनात एक नंबर धरायचा. त्या नंबरची बाई फाटकातून गेली की दिवा लाल, मग तिची झडती. वशिलेबाजी नको म्हणून ही सोडत.

पहिल्या दिवशी दिवा जाऊबाईंवर लागला. दुसऱ्या दिवशीही त्यांच्यावरच. नंतर रोजच. पिशवीत काही सापडत नव्हतं, तरी बायका आपापल्या पर्सा जवळ ओढून बसू लागल्या. घरी सासूबाई कपाटाची किल्ली कमरेला खोचून फिरू लागल्या. मला त्यांचा भयंकर राग आला.

"तो रखवालदार मेला डूख धरून बसलाय," जाऊबाई म्हणाल्या. "उद्या तू माझ्या जागी उभी राहा, मी तुझ्या. बघूच."

दिवा माझ्यावर लागला. रखवालदारच गोंधळला. म्हणजे खोट माणसात नव्हती, रांगेतल्या जागेत होती. आम्ही दोघी तडक साहेबांकडे गेलो.

प्रोग्राम लिहिणाऱ्याला बोलावणं गेलं. तो आला तोच गुर्मीत. "सी भाषेतलं 'रँड' हे वाटेल तो आकडा काढून देणारं तयार फंक्शन आहे, बाई. जगभर वापरतात." मग त्याने प्रोग्राम उघडला आणि चूक त्यालाच दिसली. 'रँड' ठरलेल्या हिशोबानेच आकडे देतं. त्याआधी 'एसरँड' वापरून दर वेळी वेगळी सुरुवात करून द्यावी लागते. ती ओळ त्याने लिहिलीच नव्हती, म्हणून यंत्र चालू झालं की पहिला आकडा रोज तोच. त्याने 'टाइम' फंक्शनकडून त्या क्षणाची वेळ घेऊन 'एसरँड'ला दिली आणि माफी न मागता निघून गेला.

साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, दोष प्रोग्रामचा होता. जाऊबाईंचे डोळे भरून आले.

त्या संध्याकाळी दिवा पॅकिंगवाल्या बाईवर लागला. ती कसंनुसं हसत पिशवी उघडून उभी राहिली. जाऊबाई माझ्या कानाशी लागल्या.

"हिच्याबद्दल मला आधीपासूनच शंका होती."