विरघळणारे टाके

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. माझ्या तोंडातले टाके सुटले ते माझ्यामुळे.

गालात आतून पांढरा चट्टा आला होता. तिखट लागलं की आग व्हायची. बीडच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं आणि ल्युकोप्लाकिया म्हणाले. म्हणजे तंबाखूनं पडणारा चट्टा, पुढं कॅन्सरकडं जाऊ शकणारा. तो काढला, तुकडा बायोप्सीला, म्हणजे तपासणीला पाठवला आणि विरघळणारे टाके घातले. निघताना बजावलं, "माउथवॉश तोंडात नुसता धरायचा, मान वाकवून सोडून द्यायचा. खळखळून चूळ भरायची नाही. तंबाखू बंद."

केजला घरी आलो. बायको सुनंदा मिठाचं कोमट पाणी बोट बुडवून बघायची, मगच द्यायची. रिपोर्ट यायचा होता. झोप लागेना, घास उतरेना. शेवटी धीर सुटला अन् दुसऱ्या गालात चिमूटभर तंबाखू धरली. वास जावा म्हणून मोरीत जाऊन माउथवॉशच्या जोरजोरात चुळा भरल्या. मग ते रोजचंच झालं. एका सकाळी जिभेवर दोरा आला, मागोमाग रक्त.

आईनं सुनंदाला धारेवर धरलं. "काहून एवढं कढत पाणी दिलंस? विरघळले की टाके."

"कोमट व्हतं, आत्या."

"विरघळणारे हायेत म्हणून डॉक्टरनं सांगितलं व्हतं ना? मग जपायचं न्हाई व्हय?"

बीडला जाताना जीपमध्ये शेजारच्या बाईलाही आईनं सुनेचा पराक्रम ऐकवला. सुनंदा माझ्या तोंडावरचा रुमाल तेवढा बदलत राहिली.

डॉक्टरांनी मला एकट्यालाच आत घेतलं. म्हणाले, "हे टाके पाण्यानं विरघळत नसतात, शरीर त्यांना सावकाश जिरवतं. हे हिसका बसून सुटलेत. जोरात चुळा भरल्या का?" मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि पुन्हा टाके घातले.

बाहेर आईनं विचारलं, काय म्हणले डॉक्टर? मला बोलायची मनाई होती. ते निमित्त बरं सापडलं. सुनंदा माझ्या तोंडाकडं बघत उभी होती. खिशात पेन होतं, तळहातावर दोन शब्द लिहून दाखवता आले असते. मी रुमाल दाबून धरला.

रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला नाही. जखम भरली, तंबाखूही सुटली. तुमच्यावर ही वेळ आली तर चूळ जपून भरा, आणि डॉक्टरांनी विचारलं की खरं सांगा.

पाहुणे आले की आई अजून टाके विरघळल्याची गोष्ट सांगते. सगळे हसतात. सुनंदाही हसते, आणि माझा चहा निववून आणते.

आईसमोर, सुनंदाच्या देखत, दोष माझा होता हे बोलायचं माझ्याकडं बाकी आहे.