पुरावा ग्रुपवर टाकला

इंझोरीत जगदेव म्हणजे तंटामुक्त समितीचे अध्यक्ष. शेताच्या धुऱ्याचं भांडण असो की सासू-सुनेचं, त्यांच्या ओट्यावर चहा झाला की मिटलंच समजा. निकालाआधी घसा खाकरून ते एकच विचारत, "पुरावा काय हाये?"

त्याच सवयीनं घात केला.

दहावीतल्या एका पोरीनं वर्गातल्याच हरीओमवर भरवसा ठेवून आपला नको तसा फोटो त्याला पाठवला. त्यानं शेखी मिरवायला तो एका दोस्ताला धाडला. पोरीची आई रुपाबाई आधी ओट्यावरच आली. "भाऊजी, गावातलं गावात झाका." जगदेवांनी हरीओमकडून फोटो घेतला अन् समितीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'पुरावा. सदस्यांनी पाहून मत द्यावे.'

सदस्यांनी मत दिलं नाही, फोटो पुढं दिला. संध्याकाळी पानठेल्यावर त्याचीच कुजबुज. पोरीनं शाळा सोडली, रुपाबाईनं ठाणं गाठलं.

ठाण्यात साध्या साडीतल्या पोलीस बाईंनी हरीओमला जवळ बसवलं. "बाळा, किती जणांना पाठवलास?"

"एकालेच, म्याडम."

"मग गावभर कोणी केला?"

पोरानं जगदेवांकडं पाहिलं. शेजारी बसलेला त्याचा बाप खवळला, "बोल न बे! अध्यक्षांच्या तोंडाकडं काय पाहून राह्यला?"

जगदेव गावातला मोठा माणूस म्हणून सोबत आले होते. गप्प राहिले असते तर सगळं पोरावरच गेलं असतं. त्यांनी घसा खाकरला.

"म्याच टाकला ग्रुपवर. पुरावा म्हणून."

"काका, पुरावा पोलीस घेतात. असा फोटो पुढं पाठवणं गुन्हाच आहे."

"हरीओमचं काय होईन?"

"त्याचं बाल न्याय मंडळ पाहील. सुधारायची संधी देतात तिथं."

"अन् माह्यं?"

"तुम्ही काय लेकरू आहात? तुमचं कोर्टात."

बाईंनी त्यांचा फोन जप्त करून पाकिटात घातला, वर लाखेचं सील लावलं. जगदेव खालमानेनं रुपाबाईपुढं उभे राहिले. "वहिनी, पोरीले सांगजा, दोष तिचा नाही. माह्या हातून पाप झालं."

रुपाबाईनं पदर सावरला. "तिले काय सांगता? ज्याईले फोटो दाखवला, त्याईले सांगा."

फोन तर जप्त झाला होता; जगदेवांना आता एकेकाच्या दारी जाऊन तोंडानंच सांगावं लागणार होतं.