हो, नाही, बघतो

नव्या सॉफ्टवेअरला गिऱ्हाईक मिळेपर्यंत नुसते किस्सेच मिळत राहतात. आमच्याकडे तर किस्स्यांचा ढीग लागला होता आणि गिऱ्हाईक एकही नव्हतं!

आमच्याकडे म्हणजे सुमेधकडे आणि माझ्याकडे. सुमेधने आइंडहोवनच्या डच कंपनीतली चांगली नोकरी सोडून एक अ‍ॅप बनवलं, क्लब आणि मंडळांतल्या कामांच्या पाळ्या लावायचं. फोनवर विचारणा येते, 'शनिवारी याल का?' खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नाही'. कोड त्याचा, फोन करकरून लोकांचं डोकं खायचं काम माझं. त्याच्या बायकोने, रुचाने, सरळ मुदत घातली होती. "उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एक पैसे देणारं गिऱ्हाईक. आपल्या मंडळातलं चालणार नाही. नाहीतर गुपचूप नोकरी शोध!"

*

पहिली चाचणी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत. हॉल सजवायला कोण येणार? सगळ्यांनी 'हो' दाबलं. सुमेध हरखला. सकाळी हॉलवर आम्ही दोघं, रुचा आणि गणपती!

सुमेध दोन दिवस कोडमध्ये बग शोधत बसला. शेवटी रुचा म्हणाली, "अरे, कोड ठीक आहे. माणसं डीबग कर!"

*

मग आपल्या लोकांच्या सोयीसाठी तिसरं बटण आलं, 'बघतो'. पुढच्या कार्यक्रमाला झाडून सगळ्यांनी तेच दाबलं.

"फीचर हिट आहे!" सुमेध म्हणाला.

*

झुइडओस्ट भागातल्या एका जिमच्या डच मालकीणबाईंना डेमो दिला. त्यांनी विचारलं, "हे तिसरं बटण कुणासाठी?"

"ज्यांना नाही म्हणायचंय त्यांच्यासाठी," मी म्हणालो.

"मग दुसरं कुणासाठी?"

पुढे म्हणाल्या, "रंग भयानक आहेत. मला नको." मी खजील झालो, सुमेध मात्र खूश. "पाच मिनिटांत नाही म्हणाली यार! आपले मंडळातले जोशीकाका गणपतीपासून बघतायत!"

घरी येऊन त्याने नवी सोय केली. कुणाला कुठली बटणं दिसावीत, ते ज्या त्या क्लबने ठरवायचं.

*

सुट्टी तोंडावर आली तेव्हा आर्नहेमच्या एका छोट्या फुटबॉल क्लबचे सेक्रेटरी, हेंक, भेटले. डेमो पाहून म्हणाले, "दिसायला वाईट आहे, पण चालतं. शनिवारी नऊला कॅन्टीनमध्ये या, पालकांना शिकवा." लगेच अ‍ॅपवरून विचारणाही पाठवली. सुमेधने समोरच 'हो' दाबलं.

परतताना ट्रेनमध्ये मला म्हणतो, "बोलायला काय जातंय! शनिवारी सकाळी नऊला कोण येतंय?" मलाही ते पटलं.

शनिवारी सव्वानऊला हेंकचा फोन. "सगळे पालक बसलेत. तुम्ही कुठे आहात?"

सुमेध पायजम्यात होता! गाड्या बदलत, धापा टाकत आम्ही पोचलो तेव्हा कॅन्टीन रिकामं. हेंक एकटेच टेबलं पुसत होते. सुमेधला रडूच फुटायचं बाकी होतं. माझीही मान वर होईना.

"नाही म्हणायचं होतं तर नाही दाबायचं," हेंक शांतपणे म्हणाले. "मीच शिकवलं सगळ्यांना. सोपं आहे. अ‍ॅप आम्ही घेतोय." आणि सही केलेला कागद पुढे केला.

सुमेधने त्यांना मिठीच मारली. तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. 'दर शनिवारी, सकाळी नऊ. कॅन्टीनमध्ये फ्राइज तळणे. सुमेध.' खाली एकच बटण होतं. 'हो.'

घरी रुचाने तो फोन हातात घेऊन नीट पाहिला.

"आपल्या घरी हे कधी बसवतोस?"