सुट्टीतली पोटदुखी

आमच्या शेजारच्या बाई चर्चच्या प्राथमिक शाळेत आजारखोली सांभाळतात. शाळेत लहानथोर सगळे त्यांना मलमबाई म्हणतात. हे नाव मी ठेवलं असा आमच्या हिचा आरोप आहे. मी तो मान्य करत नाही आणि खोडतही नाही. इतकं चपखल नाव आहे, उगाच श्रेय का घालवा?

मी शिंपी. त्या शाळेचे सगळे गणवेश माझ्याच मशीनखालून जातात. कुठल्या वर्गातला कोण सुटलाय, कुणाच्या थोरलीचा झगा उसवून धाकटीला चढवलाय, हे मला फादरांच्याही आधी कळतं. बाकीचं आमच्या दोन घरांमधली भिंत सांगते. मी कान लावून बसत नाही. भिंतच पातळ आहे.

मलमबाई अठ्ठावन्नच्या. उंच, सडसडीत, मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला वळवलेलं, कारण वीस वर्षं इस्पितळात नाड्या मोजल्या. लग्न केलं नाही. का, ते आमच्या गल्लीनं आपापल्या सोयीनं ठरवून टाकलंय. माझ्याकडे तीन वेगवेगळ्या हकिकती आहेत आणि तिन्ही रंगतदार आहेत. खरी गोष्ट बिनरंगाची आहे. त्यांची बहीण बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळली आणि तिची दीड वर्षांची पोर बाईंकडे आली. साडेपाच वर्षं बाईंनी तिला वाढवलं. मग बहीण बरी झाली, चांगली ठणठणीत झाली, आणि आपली लेक घेऊन गेली. यात कुणाचं काही चुकलं नाही. म्हणून तर बाईंना कुणावर रागावताही आलं नाही. भाची सात वर्षांची होती तेव्हा गेली. आता ती परदेशात नोकरी करते आणि वाढदिवसाला फोन करते. स्वतःच्या वाढदिवसाला. बाई विसरतील म्हणून!

आजारखोली म्हणजे एक लोखंडी कॉट, हिरव्या रेक्झिनची गादी, पत्र्याचं कपाट, भिंतीवर मरियामातेची तसबीर आणि मैदानाकडे उघडणारी एक रुंद खिडकी. औषधं म्हणाल तर मलम, पट्ट्या, थर्मामीटर, गरम पाण्याची पिशवी. खरं औषध बाईंच्या डोक्यात. पोट दुखतंय म्हणून मूल आलं की त्या आधी घड्याळ बघतात. गणिताच्या तासाला दुखलं तर गृहपाठ झालेला नाही. सकाळी पहिल्या घंटेला दुखलं तर घरी भांडण झालंय. आणि मधल्या सुट्टीत दुखलं, तर मुलाला खेळायला कुणी नाही. या शेवटच्या दुखण्यावर त्यांचा उपाय म्हणजे बादली. चर्चमागच्या नळावरून बागेला पाणी घालायची एक मोठी बादली आहे, एका मुलाला उचलत नाही. बाई त्या एकट्या पोराला आणि दुसऱ्या एका नीट निवडलेल्या पोराला मिळून ती उचलायला लावतात. दोन खेपा झाल्या की अर्धं पाणी पायांवर सांडलेलं असतं आणि दोघं एकमेकांना दोष देत हसत असतात. चार दिवसांत पोट बरं. अशी निदान पन्नास पोटं बाईंनी बरी केली असतील. मुख्याध्यापिका सिस्टर तर बाहेरच्या पाहुण्यांना ती बादली दाखवतात.

तर गेल्या वर्षी, शाळा अर्धी सरलेली असताना, दुसरीत एक नवी मुलगी आली. तिची आई नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली होती आणि मुलीला आत्याकडे ठेवलं होतं. आत्या तिला घेऊन माझ्या दुकानात आली. "वाढत्या अंगाचा शिवा, दोन वर्षं निघाली पाहिजेत," असं म्हणून तिनं पोरीला स्टुलावर उभं केलं. मी माझा नेहमीचा विनोद केला, टेप गळ्याभोवती गुंडाळून फास लागल्यासारखं तोंड केलं. याला आजवर न हसलेलं मूल नाही. ही माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तो टेप काढा, लागेल." मला एकदम माझ्या वयाची आठवण झाली.

तिसऱ्या दिवसापासून तिचं पोट दुखू लागलं. रोज. मधल्या सुट्टीत.

बाईंनी पाणी दिलं, कॉटवर आडवं केलं, पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवली. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडा झाला, दोन झाले. बादलीचं नाव नाही. उलट बाई घरातून सकाळी लवकर निघू लागल्या. भिंतीपलीकडून गुणगुणणं ऐकू येऊ लागलं, प्रार्थनेतलंच एक गाणं, पण चाल जरा उडती. एक दिवस माझ्याकडे येऊन चिंध्या मागू लागल्या. निळी नको, फुलाफुलांची द्या, म्हणे.

"कशाला हो?"

"बाहुलीचा झगा करायचाय."

"काय मलमबाई, पोटदुखीवर बाहुली कधीपासून निघाली? डॉक्टरांना कळवायला हवं!"

"शिंपीभाऊ, तुमच्या तोंडाला एक टाका घाला."

"पोरगी रोज सुट्टीतच येते ना? मग तुमच्याच पुस्तकाप्रमाणे..."

मी आपली सहज थट्टा केली होती. पण बाईंचा चेहरा असा झाला की मी पुढचं गिळलं. "काजं करा तुमची," एवढंच बोलल्या आणि चिंध्या घेऊन गेल्या. नाकावर राग असायची बाईंना सवय नाही. हिनं आतून सगळं ऐकलं होतं. "आता चार दिवस गप्प बसा," ती म्हणाली. चार दिवस म्हणजे माझ्यासाठी फार मोठी शिक्षा, पण बसलो.

आता त्या शाळेतली एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रत्येक वर्गात प्रार्थनेची एक पेटी असते. ज्याला देवाकडे काही मागायचंय त्यानं चिठ्ठी लिहून टाकायची, नाव न घालता. दर गुरुवारी दुपारी मलमबाई त्या चिठ्ठ्या निवडतात, कारण सगळ्या पोरांची अक्षरं त्यांना पाठ. बऱ्यापैकी चिठ्ठ्या सोमवारच्या प्रार्थनेत वाचल्या जातात. 'देवा, मांजरीला पिल्लं होऊ दे पण आईला कळू देऊ नकोस', 'गणिताच्या सरांचा घसा बसू दे, फार नको, थोडा', 'फादरांना केस दे', असल्या चिठ्ठ्या बाजूला काढतात. (त्या बाजूला काढलेल्या मला ऐकायला मिळतात. शेजारधर्म!) पण सिस्टरांचा एक नियम कडक आहे. दुखणं, मार, भीती, एकटेपण, असलं काही ज्या चिठ्ठीत असेल ती त्याच दिवशी सिस्टरांच्या हातात द्यायची. एक तासही ठेवायची नाही.

मंगळवारी संध्याकाळी बाईंनी त्यांचा पांढरा एप्रन दुरुस्तीला आणून टाकला. खिसा उसवला होता. आता कुठलाही शिंपी कपडा मशीनवर घेण्याआधी खिसे चाचपतो. एकदा एका सरांचं प्रेमपत्र मी त्यांच्या पँटमध्ये शिवून टाकलं होतं, तेव्हापासून कानाला खडा. खिशात वहीचा फाडलेला, चार घड्यांचा कागद होता. घड्या इतक्यांदा उघडमिट झालेल्या की कागद कापडासारखा मऊ पडला होता.

वाचायला नको होतं. मी वाचला.

'देवा, माझं पोट रोज सुट्टीत दुखू दे. बरं करू नको. आणि मलमबाईंना दुसरं कोणी आजारी देऊ नको.'

माझ्या जिभेवर थट्टा तयार असते, नेहमी. त्या वेळी आली नाही. मी कागद हिला दाखवला. हिनं वाचला, पदराला हात पुसले आणि थेट शेजारी गेली. मी मागोमाग.

बाई पडवीत बसल्या होत्या. हिच्या हातातला कागद बघून त्यांनी हातातली सुई खाली ठेवली. फुलाफुलांचा इवलासा झगा मांडीवर होता, एक बाही लावायची राहिली होती.

"ताई, ही गुरुवारची आहे ना?" ही म्हणाली.

"हो."

"आज मंगळवार."

"वार मलाही कळतो, वहिनी." मग झग्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिच्या पोटात काही नाही, हे मला दारातच कळलं. बादली कुणाबरोबर द्यायची तेही कळलं होतं. म्हटलं, उद्या देऊ. थकलेली दिसतेय, आज पडू दे. मग ती कॉटवर पडल्या पडल्या माझं बोट धरून झोपली. म्हटलं, परवा देऊ."

ही त्यांच्याजवळ पायरीवर टेकली.

"पंधरा मिनिटं असतात हो, शिंपीभाऊ. दिवसाची पंधरा मिनिटं. मी कुणाचं काय घेतलं?"

उत्तर दिलं हिनं, हळूच. "तिची सुट्टी घेतलीत, ताई."

बाईंनी झगा दुमडला. बाही तशीच राहिली. "चिठ्ठी इथं ठेवा," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांच्या खोलीत काय झालं ते बाईंनीच नंतर हिला सांगितलं, आणि हिनं मला, त्यामुळे यात माझं तिखटमीठ थोडंच आहे. सिस्टर बुटक्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बोलणं मोजकं. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"ही आज आली तुमच्याकडे?"

"नाही, सिस्टर. गुरुवारी."

"दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर मी काय केलं असतं, ठाऊक आहे ना?"

"हो, सिस्टर."

"मग ते मी केलं असं समजा." सिस्टरांनी चिठ्ठी घडी करून वहीत ठेवली. "आता सांगा, हिच्याबरोबर बादलीला कोण?"

तेच तर अवघड होतं. सिस्टरांनी नाव काढलं असतं तर बाईंनी मान डोलावली असती. पण त्या विद्येत शाळेत बाईंचा हात धरणारं कुणी नाही. आपल्याकडून त्या पोरीला कोण ओढून नेईल, ते त्यांनीच सांगायचं होतं. आणि चुकीचं नावही सांगता आलं असतं. एखादी मुळूमुळू रडणारी दिली असती, तर पोटदुखी वर्षभर टिकली असती. मी असतो तर कदाचित तसंच केलं असतं.

बाईंनी नाव सांगितलं ते वर्गातल्या दातपडकीचं. वरचे दोन दात नाहीत, आवाज घंटेसारखा, लंगडीत अख्ख्या दुसरीला लोळवणारी. तिच्या झग्याची शिवण मी दर पंधरवड्याला मारतो. ही मुलगी कुणाचं 'नाही' ऐकूनच घेत नाही.

त्या दिवशी मी सुट्टीच्या वेळी आजारखोलीत होतो. कॉटभोवतीच्या पडद्याचं माप घ्यायचं निमित्त. पाठवलं होतं हिनं, "एकट्या असू नयेत" म्हणून. घंटा झाली आणि नवी मुलगी दारात उभी. हात पोटावर.

"दुखतंय."

बाईंनी तिच्या पोटावर हात ठेवला. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ठेवला असेल. मी टेपकडे बघत होतो.

"हं. आज बादलीची पाळी तुझी आहे. जाऊन ये, मग बघू."

"मग तुम्ही एकट्याच बसणार?"

"मला कामं आहेत पुष्कळ."

पोरगी माझ्याकडे बघू लागली, जणू हे खरं की खोटं ते मी सांगावं. मी आयुष्यात इतक्या थापा मारल्यात, पण इतकी जड एकही नव्हती. "डोंगरभर कामं आहेत त्यांना," मी म्हणालो. बाहेरून दातपडकीची आरोळी आली, "ए नवी! चल की, बादली काय आपोआप चालत येणार?" ती गेली. बाईंनी घडी घातलेल्या चादरी काढल्या, उलगडल्या आणि पुन्हा घड्या घालायला घेतल्या.

ती दुसऱ्या दिवशीही आली, ओल्या पायांनी. मग दोन दिवसांनी आली, पण आडवी झाली नाही, कॉटच्या कडेला बसून पाय हलवत राहिली आणि आरोळी ऐकू येताच उडी मारून पळाली. पुढच्या आठवड्यात नुसती दारात उभी राहून "आज नाही दुखत" असं सांगून गेली. त्यानंतर सांगायलाही आली नाही. भिंतीपलीकडचं गुणगुणणं थांबलं. मला ते ऐकायची इतकी सवय लागली होती, की कात्री चालवताना मीच ती चाल गुणगुणू लागलो. हिनं डोळे वटारले तेव्हा कळलं.

पडदा शिवायला मला महिना लागला. शिंप्याच्या वायद्याला हे शोभेसंच आहे. तो अडकवायला शाळेत गेलो तेव्हा मधली सुट्टी चालू होती. मी स्टुलावर चढून कड्या ओवत होतो, एवढ्यात दोघी आत घुसल्या. दातपडकीचा गुडघा सोलवटला होता, रक्त पायमोज्यापर्यंत आलेलं, आणि आपली ती तिचा दंड घट्ट धरून तिला ओढत होती.

बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "काय गं, काय झालं तुला?"

"मला काही नाही. हिला लागलंय," ती म्हणाली.

बाईंनी दातपडकीला कॉटवर बसवलं. जखम धुताना त्यांचा हात नेहमी सावकाश चालतो, फुंकर घालत, मुलाला बोलतं करत. त्यांनी मान न उचलता विचारलं, "आत्या बरी आहे?"

"हो."

"आईचा फोन येतो?"

"येतो." ती दारातून बाहेर बघत एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. "मलमबाई, लवकर करा ना! आमचा डाव राहिलाय. ते लोक आमच्या जागी दुसऱ्या कुणाला घेतील."

बाईंचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी खरंच घाई केली. मलम, कापूस, पट्टी, सगळं भराभर, वीस वर्षांपूर्वी इस्पितळात करत असतील तसं. "झालं. पळा."

दोघी गेल्या. थोडं लंगडत, पण पळत. मी स्टुलावरून खाली उतरलो. बाई खिडकीशी जाऊन उभ्या होत्या, मलमाची डबी हातात तशीच उघडी.

"एकदाही पोटाला हात लावला नाही तिनं," त्या म्हणाल्या, आणि घंटा होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.