जळका डोंगल

काल स्विचबोर्डातून जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि कामठ्याच्या घरातली ती दुपार आठवली.

आमचा वायफायचा डोंगल संगणकाच्या लिनक्स या मोफत प्रणालीवर सारखा बंद पडायचा. तो चालवणाऱ्या ड्रायव्हर प्रोग्रॅममधली चूक मी शोधली आणि लिनक्सचं कर्नेल, म्हणजे तिचा गाभा, सांभाळणाऱ्यांना दुरुस्ती पाठवली. ते ओळी बदलून मागत, मी पुन्हा पाठवी. शेवटी त्यांनी लिहिलं, "आता हाच कोड खऱ्या डोंगलवर चालवून कळवा." त्याच दिवशी गेलेली विजेची लाईन अशी जोरात आली की डोंगलच जळला. तसा दुसरा कुठे मिळेना.

अखेर परदेशातल्या कुणा अनोळखी माणसानं आपल्या डोंगलवर तपासून दिलं आणि दुरुस्ती स्वीकारली गेली. धानाच्या बांधीतून चिखलाच्या पायांनी आलेल्या बाबांना मी मोबाईलवर त्या दुरुस्तीखालचं माझं नाव दाखवलं.

"म्हंजे आता साऱ्या दुनियेत चालते?"

"हो."

त्यांनी खिडकीतला जळका डोंगल उचलून हुंगला. "मंग आपलाच काऊन नाही चालून राहिला?"

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता येत नाही. माझ्या त्या चार ओळी आज प्रत्येक लिनक्समध्ये आहेत. त्या चालताना मात्र मी एकदाही पाहिलेल्या नाहीत.