सील न फोडलेली पाकिटं

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता एकमेकींत मिसळून जातात, पण घोरावाडीची ती घटना अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे येते. लिहावी की नाही, यातच बरेच दिवस गेले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पंचनामे पुष्कळ लिहिले, पण असं काही लिहिण्याची सवय नाही. जिच्यावर ती बेतली, तिचं नाव कायद्याने लिहिता येत नाही, आणि मला लिहायचंही नाही.

ती आंबीच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. संध्याकाळी पुणे-लोणावळा लोकल धरायला पायवाटेने घोरावाडी स्टेशनाकडे निघाली असताना एका माणसाने मागून तिच्या डोक्यावर कापड टाकलं. तिला त्याचा चेहरा दिसला नाही. आमच्या पोलीस ठाण्यात आली ती आईसोबत, त्याच कपड्यांत. पुरावा जाऊ नये म्हणून आईने तिला अंगावर पाणी घेऊ दिलं नव्हतं.

डॉक्टरांनी नमुने घेतले. पंचांसमोर पाकिटांना लाखेचं सील लागलं आणि आमच्या हवालदाराने ती पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचवली. तिथून पुढे सगळं थांबलं. प्रयोगशाळेत माणसं कमी, तपासणीचं साहित्य कमी आणि पाकिटांचे ढीग. ज्या गुन्ह्यात आरोपी कोठडीत असेल, त्याचे नमुने आधी घ्यायचे अशी रीत होती, कारण तिथे दोषारोपपत्राची मुदत चालू असते. आमच्याकडे आरोपीच नव्हता. आरोपी नाही म्हणून तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणून आरोपी नाही.

भागातल्या ठेकेदारांचे कामगार बोलावले, विचारपूस केली, आणि जुळवून पाहायला अहवालच नसल्याने सोडले. शेवटी वडगावच्या न्यायालयात 'अ' समरी गेली. तिचा अर्थ असा, की गुन्हा खरा आहे, पण आरोपी मिळत नाही. खोट्या तक्रारीची समरी वेगळी असते. हा फरक ठाण्यात शिपायालाही ठाऊक असतो. गावाला तो ठाऊक नव्हता. केस बंद झाली, एवढंच गावाने ऐकलं.

मी तिच्या सासरी समजावायला गेलो. सासू भाजी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मानूस गावला न्हाई म्हंजी मानूस नव्हताच, सायेब."

"मावशी, न्यायालयात आम्ही गुन्हा खरा म्हणूनच लिहून दिलंय."

"मंग बंद कशापायी केली? खरी केस कुनी बंद करतं व्हय?"

नवरा दाराशी उभा राहून ऐकत होता. थोड्याच दिवसांत त्याने तिला माहेरी सोडलं आणि परत न्यायला गेला नाही.

पुढे सरकारने तुंबलेल्या नमुन्यांसाठी वेगळा निधी दिला. प्रयोगशाळेत भरती झाली, साहित्य आलं, आणि आरोपी असो वा नसो, जुनी पाकिटं उघडायला सुरुवात झाली. तोवर माझी बदली लोणावळ्याला झाली होती. टीप खबऱ्याकडून येते, असा आम्हा पोलिसांचा अनुभव. या वेळी ती प्रयोगशाळेतून आली. घोरावाडीच्या नमुन्यातला पुरुष आणि लोणावळ्यातल्या एका गुन्ह्यातला पुरुष एकच होता.

लोणावळ्याची बाई बंगल्यांची झाडलोट करायची. तिच्यावरचा हल्ला घोरावाडीनंतरचा. म्हणजे पहिलं पाकीट कपाटात पडून असताना तो माणूस मोकळा फिरत होता. तिनेही चेहरा पाहिला नव्हता. मी पुन्हा विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्याच्या हाताला पावडरीचा वास व्हता. पोहायच्या टाकीत टाकत्यात, ती."

तेव्हा मला आठवलं, की घोरावाडीच्या वेळी सोडलेल्यांत कारखान्यांच्या पाण्याच्या टाक्या धुणारा एक जण होता. चौकशी केली. आता तो लोणावळ्यात बंगल्यांचे पोहण्याचे तलाव साफ करत होता.

न्यायालयाच्या परवानगीने तपास पुन्हा उघडला आणि त्याला आणलं. तो अगदी निवांत होता. चहा मागून घेतला.

"सायेब, पयल्या टायमाला बी मला बोलावलं व्हतं. काय गावलं? बाई म्हनती म्हून कुनालाबी धरता व्हय?"

"बाईच्या म्हणण्यावर नाही धरलं. पाकिटं आहेत."

तो हसला. "त्या पुड्या कोन उघडतंय? कुजल्या असत्याल."

"उघडल्या," मी म्हणालो.

त्याने चहा तसाच खाली ठेवला. पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात टिकत नाही, म्हणून आम्ही ती काढायच्या मागे लागलो नाही. डॉक्टरांकडून त्याचं रक्त घेतलं. दोन्ही गुन्ह्यांतल्या नमुन्यांशी ते जुळलं.

घोरावाडीच्या त्या बाईला सांगायला मी तिच्या माहेरी गेलो. बातमी आधीच पोचली होती. नवरा रिक्षा घेऊन आला होता, सोबत सासू.

"चल घरी," तो म्हणाला. "झालं गेलं इसरून जा. सायबांचा रिपोर्ट आला नव्हं आता."

ती उंबऱ्यातच उभी होती. तिने विचारलं, "आन आला नसता तर?"

सासू म्हणाली, "आगं, आमाला काय ठावं? बंद केली म्हनले लोक."

"लोक म्हनले. मी बी म्हनत व्हते की, आत्याबाई."

ती आत गेली आणि तिच्या आईने दार लोटून घेतलं. थोड्या वेळाने रिक्षा तिच्याशिवायच परत गेली.

दोषारोपपत्र गेलं, त्या वर्षी मी निवृत्त झालो. लोकांना वाटतं, तपास म्हणजे धावपळ आणि दरडावणी. मला या प्रकरणाने शिकवलं, की खरं कितीतरी वेळा आधीच हाती आलेलं असतं, लाखेखाली, आणि ते उघडायला माणसं आणि पैसा लागतो. पैसा उशिरा आला तरी आरोपी सापडतो, हे मी पाहिलं. पण लोणावळ्याच्या त्या बाईने मला विचारलं होतं, "माज्या आदीच्या बाईची पुडी तवाच उघडली असती तर, सायेब?" उत्तर मला ठाऊक होतं, आणि तिलाही.